वादात हरलेला भाचा

हिंजवडी, ९ जुलै २०१७

प्रिय आत्या,

प्रभूमध्ये सलाम. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू कपाटात ठेवतेस, म्हणून पत्र लिहितोय. प्रत्यक्ष यायचं तर हिंजवडी ते खडकी अर्धा दिवस जातो. पत्राला दोन दिवस लागतात, पण त्याची कंबर दुखत नाही.

एक अडचण आली आहे. माझ्या फ्लॅटमध्ये अनंत रिसबूड नावाचा मुलगा राहतो. आम्ही एकाच टीममध्ये आहोत. त्याचं स्वतःचं घर नारायण पेठेत आहे, पण तिथून कंपनीत पोचेपर्यंत परत निघायची वेळ होते, म्हणून तो इथे राहतो. हुशार आहे. देव मानत नाही, आणि न मानण्याच्या बाबतीत फार नियमित आहे.

कँटीनमध्ये मी जेवणाआधी चष्मा काढून पुसतो, आणि पुसता पुसता डोळे मिटून मनात प्रार्थना करतो. कोणाला कळत नाही. माझा चष्मा फार लवकर खराब होतो असा सगळ्यांचा समज आहे. वाढदिवसाला टीमने मला चष्मा पुसायची सहा कापडं दिली. घरी मात्र मी बेसावध होतो आणि अनंतने पाहिलं.

"हे तू रोज करतोस?"

"हो."

"कोणी ऐकतं?"

"मला वाटतं, ऐकतं."

"वाटतं," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. तेव्हापासून रोज एक प्रश्न असतो. देव चांगला असेल तर लहान मुलांना कॅन्सर का होतो? पुरावा काय? तू नारायण पेठेत जन्मला असतास तर गणपतीच मानला असतास ना? मला एकाचंही उत्तर देता येत नाही. मी चर्चच्या शब्बाथशाळेत पहिला यायचो, पण तिथे कोणी असं विचारत नव्हतं.

आता आमच्या बिल्डिंगच्या क्लब हाऊसमध्ये बावीस तारखेला, शनिवारी, जाहीर वाद आहे. विषय, 'देव आहे का?' अनंतने 'आहे' या बाजूला माझं नाव दिलंय. दुसरं कोणी मिळेना. बिल्डिंगमध्ये देव सगळेच मानतात, पण त्याच्यासाठी शनिवार द्यायला कोणी तयार नाही.

आतोबांची प्रवचनांची पुस्तकं असतील तर सांग, येऊन घेऊन जातो. मला भक्कम मुद्दे हवेत.

तुझा,
अमोस

*

खडकी, १३ जुलै

अमोस, आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधार.

तुझ्या आतोबांची पुस्तकं मी चर्चच्या मंडळीच्या वाचनालयाला देऊन टाकली. तिथे ती कोणी वाचत नाही, पण इथेही कोणी वाचत नव्हतं.

लहान मुलांना कॅन्सर का होतो, हे मला माहीत नाही. नर्स म्हणून सगळी नोकरी वॉर्डात गेली, शेवटी मेट्रन झाले, पण ते काही कळलं नाही. हा प्रश्न नातेवाईक व्हरांड्यात उभे राहून विचारायचे. आत खाटेवरचा माणूस बहुतेक वेळा बेडपॅन मागायचा. मी आत जायची. व्हरांड्यात तुझे आतोबा बोलायचे, ते चर्चचे पाळक होते, त्यांचं ते काम होतं.

चष्म्याबद्दल लिहिलंस. देवाला तू चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय सारखाच दिसतोस. तेव्हा हे लपणं कोणापासून आहे ते एकदा ठरव. सहा कापडांचं काय करायचं ते मग बघू.

हा अनंत नीट जेवतो का? आई दूर असली की मुलं आमटीवर भागवतात. तुझ्याकडे जवसाची चटणी दिली होती, ती त्याला दे. लपवून ठेवू नकोस, मला तुझी सवय माहीत आहे.

मुद्दे माझ्याकडे नाहीत. वादाला जायचं तर जा, पण पोट भरून जा.

मार्था आत्या

*

हिंजवडी, ३० जुलै

प्रिय आत्या,

मी हरलो. थोडक्यात नाही, चांगलाच हरलो.

इंटरनेटवरून दोन आठवडे तयारी केली होती. विश्वाला सुरुवात आहे, म्हणजे सुरू करणारा कोणीतरी आहे, असं मी सुरू केलं. अनंत म्हणाला, "मग त्याला कोणी सुरू केलं?" मी म्हटलं, त्याला सुरुवात नाही. तो म्हणाला, "मग हीच सवलत विश्वाला द्यायला तुझी हरकत काय?" यावर माझ्याकडे एक उत्तर होतं, पण ते मोबाईलमध्ये होतं आणि क्लब हाऊसमध्ये रेंज नव्हती.

मग प्रेक्षकांतून एक जण उठला. म्हणाला, "तुमचे पणजोबा दुष्काळात मिशनऱ्यांच्या गव्हासाठी ख्रिस्ती झाले. त्यात देव कुठे आला?" लोक हसले. आत्या, मी चष्मा पुसला.

नारायण पेठेत जन्मला असतास तर, हा प्रश्न शेवटी आलाच. त्याचं उत्तर मला सुचलं, की अनंत, तू स्वतः तिथेच जन्मलास आणि काहीच मानत नाहीस, म्हणजे जन्मावर सगळं ठरत नाही. चांगलं उत्तर आहे. ते मला बुधवारी कंपनीच्या बसमध्ये सुचलं.

अध्यक्ष आमचे घरमालक सर्जेराव होते. बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी आहे, त्यामुळे सगळ्या कार्यक्रमांचे अध्यक्ष तेच असतात. समारोपात म्हणाले, "दोनी पोरं चांगली बोल्ली. द्येव हाय का न्हाई, त्ये मला ठावं न्हाई. पन उद्या पान्याचा ट्यांकर येनार न्हाई, तवा आजच भरून ठिवा." सभा लगेच उठली.

घरी आल्यावर अनंतने चहा केला. "तू वाईट बोलला नाहीस," तो म्हणाला. "फक्त तू जे बोललास ते तुझं नव्हतं." मला जास्त राग त्याचाच आला. चटणी त्याला दिली होती. ती त्याने संपवली.

तुला वाईट वाटलं असेल. आतोबा असते तर त्यांनी अनंतला गप्प केलं असतं.

अमोस

*

खडकी, ५ ऑगस्ट

अमोस, आशीर्वाद.

मला वाईट वाटलेलं नाही. तुझे आतोबा वादात कधीच हरले नाहीत. आमच्या शेजारी एक मास्तर राहायचे, नास्तिक होते. रोज संध्याकाळी अंगणात दोघांचा वाद व्हायचा आणि रोज आतोबा जिंकायचे. शेवटी मास्तर घर बदलून कोंढव्याला गेले. त्यांच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं. त्या अजून दिवाळीला फराळ पाठवतात.

गव्हाचं म्हणशील तर तो गहू नव्हता, ज्वारी होती. नगरकडे तेव्हा गहू कोण खात होतं? माझ्या आजोबांना गावाने विहिरीवर चढू दिलं नव्हतं, दुष्काळ असो वा नसो. कोणीतरी आलं, शेजारी बसलं, ज्वारी दिली आणि मग काहीतरी सांगू लागलं. आधी जेवू घालणाऱ्याचं पुढचं बोलणं आजोबांनी ऐकून घेतलं. यात त्यांचं काय चुकलं ते त्या हसणाऱ्या माणसाला विचार. आणि ज्वारी संपल्यावरही ते राहिले, हेही सांग. ज्वारी दोन वर्षांत संपली होती.

इकडचं वर्तमान काही विशेष नाही. समोरच्या श्यामलाबाईंच्या पायाला साखरेमुळे जखम झाली आहे. मी रोज सकाळी ड्रेसिंग करते. मी त्यांना बाटवीन अशी त्यांना भीती आहे, म्हणून त्या माझ्या घरचा चहा घेत नाहीत. ड्रेसिंग घेतात. जखम भरत आली आहे.

अनंत बरोबर बोलला. जे तुझं नाही ते बोलू नये.

मार्था आत्या

*

हिंजवडी, १७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मध्ये लिहिलं नाही. ऑफिसमध्ये गडबड आहे. आता जे लिहितोय ते कोणाला सांगू नकोस.

आमची टीम एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळते. डायलिसिसच्या पेशंटांना कुठल्या दिवशी यायचं ते त्यातून ठरतं आणि त्यांच्या मोबाईलवर मेसेज जातो. ऑगस्टमध्ये त्यात एक बदल करायचा होता. अनंतने मीटिंगमध्ये सांगितलं, की टेस्टिंग पूर्ण झालेलं नाही, अजून आठवडा द्या. आमच्या मॅनेजर पद्मजा मॅडम म्हणाल्या, तारीख दिलेली आहे, आजच टाका. मी तिथेच बसलो होतो. खोलीत आम्ही तिघंच होतो आणि लिहून ठेवलेलं काही नाही.

बदल टाकला आणि काही पेशंटांच्या तारखा गायब झाल्या. हॉस्पिटलच्या लक्षात येईपर्यंत एक बाई अतिदक्षता विभागात पोचली होती. ती वाचली. आता हॉस्पिटलचे लोक आणि आमचे वरचे लोक मिळून चौकशी करणार आहेत.

पद्मजा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अमोस, विचारलं तर एवढंच सांगायचं, की अनंतने कोणाला न विचारता बदल टाकला. तो हुशार आहे, त्याला दुसरीकडे कुठेही नोकरी मिळेल. टीम मोडली तर पंधरा जणांचं काय?" त्या वाईट नाहीत गं. त्यांच्या मुलीची यंदा दहावी आहे. मग म्हणाल्या, "आणि कंपनीतर्फे तुझं जर्मनीला जाणं जवळजवळ नक्की आहे, ते मला बिघडवायचं नाही." मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

अनंतला अंदाज आलाय. काल म्हणाला, "तू काय सांगशील ते मी विचारणार नाही. मीही क्लब हाऊसमध्ये तुला सूट दिली नव्हती." मग भांडी घासायला गेला. त्याची पाळी नव्हती.

खरं सांगू? मॅडमनी त्याचं नाव घेतलं तेव्हा मला एक क्षण बरं वाटलं. क्लब हाऊसमध्ये सगळ्यांसमोर मला हरवलं होतंस, आता बघ म्हणावं. मग माझी मलाच लाज वाटली, पण आधी बरं वाटलं होतं हे खोटं नाही.

मी काय करू ते लवकर कळव. चौकशी सोमवारी, पंचवीस तारखेला आहे.

अमोस

*

खडकी, १९ सप्टेंबर

अमोस,

तू मॅडमबद्दल लिहिलंस, त्यांच्या मुलीच्या दहावीबद्दल लिहिलंस, अनंतबद्दल लिहिलंस, जर्मनीबद्दल लिहिलंस आणि स्वतःबद्दल पानभर लिहिलंस. त्या बाईचं नाव लिहिलं नाहीस.

डायलिसिस चुकलेला माणूस मी पाहिलेला आहे. अंगावर सूज चढते, आडवं झालं की गुदमरतो, म्हणून बसून राहतो. छातीत पाणी भरत जातं आणि त्याला ते कळत असतं.

आधी तिचं नाव शोधून काढ. मग काय करायचं ते मला विचारायची गरज पडली तर पुन्हा लिही.

मार्था आत्या

*

हिंजवडी, ८ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पुन्हा विचारायची गरज पडली नाही.

तिचं नाव तुळजाबाई आहे. मुळशीकडची आहे, मुलगा मार्केट यार्डात हमाली करतो. मी हॉस्पिटलमध्ये जाऊन भेटलो. मी कोण आहे ते सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "मेसेज आला न्हाई, म्हनून मला वाटलं आता बरी झाले." मी बाहेर येऊन जिन्यात बसलो.

चौकशीत मी जे घडलं ते सांगितलं. अनंतने आठवडा मागितला होता, मॅडमनी नाही म्हटलं, आणि मी तिथे बसून गप्प राहिलो होतो, हे तिन्ही सांगितलं. तो बदल त्यांनी आधीच काढून टाकला होता, आणि आता टेस्टिंग झाल्याशिवाय काहीही टाकायचं नाही असं ठरलं. अनंतची नोकरी राहिली.

माझंही ठीक आहे. कामाचं स्वरूप बदललं आहे. सध्या घरूनच असतो, त्यामुळे दगदग कमी. जर्मनीचं पुढे ढकललं गेलंय. काळजी करू नकोस.

अमोस

*

खडकी, १३ ऑक्टोबर

अमोस, आशीर्वाद.

बरं झालं. घरून काम असेल तर पाठ ताठ ठेवून बस. दिवाळीला मास्तरांच्या बायकोचा फराळ येईल, तो दोघांसाठी ठेवते. वरचे लोक समंजस निघाले याचं मला आश्चर्य वाटतं, पण जगात काहीही होऊ शकतं.

मार्था आत्या

*

हिंजवडी, २९ ऑक्टोबर

श्रीमती मार्था शिरसाठ यांस,

नमस्कार. सप्रेम लिहिणार होतो, पण आपली ओळख नाही. मी अनंत रिसबूड, अमोसच्या फ्लॅटमध्ये राहतो. आपला पत्ता पाकिटावरून घेतला. पत्र वाचलेलं नाही.

आपला भाचा आपल्याला खोटं लिहितो आहे असा माझा अंदाज आहे, कारण तो पत्र लिहिताना वारंवार खिडकीकडे बघत होता. वस्तुस्थिती अशी. चौकशीनंतर पाचव्या दिवशी त्याच्याकडून राजीनामा घेण्यात आला. कारण 'टीममध्ये मिसळत नाही' असं सांगितलं. तो घरून काम करत नाही. तो घरी असतो.

चौकशीच्या वेळी मी खोलीत होतो, म्हणून पाहिलं ते लिहितो. त्याला विचारलं, "बदल कोणी टाकला?" तो म्हणाला, "आधी तुळजाबाईंबद्दल सांगतो." चौकशीचे अध्यक्ष म्हणाले, ते विषयात नाही. तो म्हणाला, "विषय त्याच आहेत." मग सगळं सांगितलं. बाहेर आल्यावर पद्मजा मॅडम त्याला म्हणाल्या, "तुमच्या धर्मात त्याग असतो ना? टीमसाठी एवढं नाही करता आलं?" तो म्हणाला, "त्याग स्वतःचा करायचा असतो मॅडम. तुम्ही अनंतचा सांगत होता." युक्तिवाद म्हणून हे निर्दोष आहे. क्लब हाऊसमध्ये तो असं एकही वाक्य बोलला नव्हता.

घरी येऊन मी त्याला विचारलं, "हे तू माझ्यासाठी केलंस की तुझ्या देवासाठी?"

तो म्हणाला, "मला ते वेगळं काढता येत नाही."

"माझ्यासाठी केलं असशील तर मला उपकार आवडत नाहीत."

"मग देवासाठी समज."

"तो आहे असं मी मानत नाही."

"मग कोणाचेच उपकार नाहीत. जेव आता."

मी जेवलो. गैरसमज नको म्हणून स्पष्ट लिहितो. माझी मतं आहेत तीच आहेत. या प्रकरणाने देवाचं अस्तित्व सिद्ध होत नाही. चांगली माणसं सगळीकडे असतात, नारायण पेठेतही आहेत, कमी आहेत. मात्र अमोसने हे केलं नसतं तर आज घरी मी असतो, आणि हे आपल्याला कोणीतरी सांगायला हवं होतं.

तो तीन ठिकाणी मुलाखती देऊन आला. जुनी नोकरी का सोडली ते सगळीकडे खरं सांगतो, त्यामुळे मुलाखती लवकर संपतात. तो फार खचलेला नाही, पण गाणी म्हणायचा बंद झाला आहे. त्याचा आवाज चांगला नाही. तरी लक्षात येतं.

कळावे.

अनंत रिसबूड

*

खडकी, ३ नोव्हेंबर

अनंत,

तुला 'तू' म्हणते. अमोसच्या वयाचा आहेस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कळवलंस हे बरं केलंस. अमोसला मी काही कळल्याचं लिहिणार नाही. तो स्वतः येऊन सांगेल तेव्हा आश्चर्य दाखवीन. डॉक्टरांनी केलेल्या चुका नातेवाईकांसमोर मी अशाच चेहऱ्याने ऐकल्या आहेत.

आता एक गोष्ट तुला सांगते, जी मी कोणाला सांगितलेली नाही. अमोसला सांगू शकत नाही, कारण त्याची सगळी भिस्त माझ्यावर आहे. पाळकांना सांगितलं तर ते प्रार्थना सुरू करतील. तुला सांगायला हरकत नाही. तुझा विश्वासच नसल्यामुळे तो डळमळणार नाही.

माझे यजमान गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मला प्रार्थना करता येत नाही. त्यांना घशाचा आजार होता. आयुष्यभर ज्याने बोलण्याचंच काम केलं त्याचा घसा. ते बरे व्हावेत असं मी मागितलं नव्हतं. नर्सला तेवढं कळतं. मी एकच मागितलं होतं, त्यांना त्रास कमी व्हावा. तो कमी झाला नाही. सहा आठवडे मी बघत होते आणि मागत होते. शेवटच्या आठवड्यात ते माझ्याकडे बघायचे, आणि मी उशी सारखी करायची.

त्यानंतर मी चर्चला जाते, गुडघे टेकते, ओठ हलवते. आत काही नसतं. मागच्या बाकावरून फरक कळत नाही. लोक मला म्हणतात, मार्थाबाई, तुमच्या विश्वासाकडे बघून धीर येतो. मी बरं म्हणते. सकाळी श्यामलाबाईंचा पाय धुते, कारण ते येतं.

अमोसने जे केलं ते आपण माझ्याकडून शिकलो असं तो समजेल. म्हणून हे कोणाला तरी खरं सांगायला हवं होतं. तुला उत्तर द्यायची गरज नाही.

मार्था शिरसाठ

*

हिंजवडी, १२ नोव्हेंबर

श्रीमती मार्थाबाई यांस,

नमस्कार. उत्तर द्यायची गरज नाही असं आपण लिहिलं होतं, पण पत्र आलं की उत्तर द्यावं अशी आमच्या घरची पद्धत आहे.

आपलं पत्र अमोसला दाखवलेलं नाही. बातमी अशी, की त्याला कोथरूडला एका लहान कंपनीत काम मिळालं. तिथल्या बाईंनी नोकरी सोडण्याचं कारण ऐकून विचारलं, "हे असंच पुन्हा करशील?" तो म्हणाला, "करावं लागलं तर, पण मला आवडत नाही." त्यांनी सोमवारपासून ये म्हणून सांगितलं. कंपनीत चारच माणसं आहेत. तो स्वतः सांगायला येईलच.

आता आपल्या पत्राविषयी. यजमानांबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यावर माझ्याकडे काही स्पष्टीकरण नाही. आपल्याकडेही नाही, हे आपण प्रामाणिकपणे लिहिलंत. क्लब हाऊसमध्ये असं कोणी बोललं असतं तर मला तो वाद जिंकता आला नसता.

बाकी मी तर्काने विचार केला. ज्या गोष्टी नाहीत असं मी मानतो त्या पुष्कळ आहेत. भुतं नाहीत. पण मी भुतांशी चार वर्षं अबोला धरलेला नाही. त्यांच्यासमोर गुडघे टेकून मुद्दाम गप्प बसलेलो नाही. अबोला धरायला समोर कोणीतरी लागतं. तेव्हा आपला विश्वास गेला आहे हा आपला निष्कर्ष आपल्याच पत्राशी जुळत नाही. आपण रुसला आहात. जो नाही त्याच्यावर कोणी इतकी वर्षं रुसत नाही.

समोर खरंच कोणी आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि त्यावर माझं मत आपल्याला माहीत आहे. वरचा मजकूर तर्क म्हणून लिहिला आहे. सांत्वन समजू नये.

माझे आईवडील असा अबोला धरतात. आमच्याकडे तो गोड बोलून मिटत नाही. आई सरळ भांडण काढते. वडील निदान वर्तमानपत्र खाली ठेवतात.

अनंत

*

खडकी, २० नोव्हेंबर

अनंत, आशीर्वाद. घ्यायचा नसेल तर राहू दे, पण मी दिला आहे.

अमोस रविवारी येऊन गेला. सगळं सांगितलं. मी आश्चर्य दाखवलं. त्याला पटलं नाही. जाताना दारात गुणगुणत होता. आवाजाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे.

तुझं पत्र आल्यापासून मला तुझा राग आला होता. दोन दिवस होता. शुक्रवारी सकाळी दळण टाकायला निघाले होते, पिशवी हातात होती. दारातून परत फिरले, पिशवी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच सुरू केलं. देवाला म्हटलं, मी इतकंच मागितलं होतं. मोठं काही मागितलं नव्हतं. त्यांनी तुझंच नाव घेण्यात आयुष्य घालवलं, आणि तू त्यांचाच घसा धरलास. सहा आठवडे तू कुठे होतास ते मला सांग. जे जे साठलं होतं ते सगळं बोलले. तुझ्या आईला जमतं तसं जमलं की नाही, कोणास ठाऊक. उत्तर आलं नाही. पण खोली नेहमीसारखी रिकामी वाटली नाही. याहून जास्त मी लिहिणार नाही, तू पुरावा मागशील.

मला ऐकू कमी येतं, त्यामुळे मी मोठ्याने बोलते. श्यामलाबाई काठी टेकत दारात आल्या.

"मार्थाबाई, कोणाशी भांडताय?"

"घरचंच आहे," मी म्हटलं.

"मग होऊ द्या," त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

दळण राहिलं. दुपारी शिळी भाकरी खाल्ली.

आमच्यात प्रार्थना संपली की आमेन म्हणतात. ते मी अजून म्हटलेलं नाही. माझं बोलून व्हायचं आहे.

मार्था आत्या